तेल जळते, तार तापते : सातारा-सांगली परिसरातील दिव्यांचा इतिहास आणि मुलांना विद्युत कुंतलाची ओळख

गोषवारा :

विजेच्या दिव्यातील तार प्रकाश व उष्णता कशी देते, हा शालेय विज्ञानातील एक छोटासा पाठ आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या पाठाकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. समई, कंदील, गॅसबत्ती, विजेरी आणि बल्ब या क्रमाने सातारा-सांगली परिसरातील घरे उजळत गेली. हा ऐतिहासिक क्रम मुलांना कुंतलाचे कार्य समजावून सांगण्याचाही सर्वांत सुलभ क्रम ठरतो, अशी येथे मांडणी केली आहे. एल.ई.डी. दिव्यांच्या आगमनानंतर ही साखळी घरातून नाहीशी होत आहे. म्हणून तिची नोंद व जतन करणे हे विज्ञानाच्या शिक्षकांइतकेच इतिहासाच्या अध्यापकांचेही काम आहे.

बीजसंज्ञा : कुंतल, दिवा, कंदील, कोयना, विद्युतीकरण, विज्ञानशिक्षण, स्थानिक इतिहास.

प्रस्तावना :

विजेचा दिवा लागलेला असताना आपण 'दिवा जळतो आहे' असे म्हणतो आणि तोच दिवा निकामी झाला की 'बल्ब जळाला' असे म्हणतो. दिव्याचे चालू असणे आणि त्याचे संपणे या दोन्हींसाठी मराठीत एकच क्रियापद वापरले जाते. त्यातील पहिले 'जळणे' हा तेलाच्या दिव्याचा वारसा आहे, तर दुसरे विजेच्या दिव्याबरोबर आपल्या घरात आले. मोठ्या माणसांना यात काही खटकत नाही. परंतु शाळेत जाणारे मूल ही दोन्ही वाक्ये ऐकते आणि समईतील वात जशी जळते तशीच बल्बमधील तारही जळत असली पाहिजे, असा सरळ निष्कर्ष काढते. शिक्षक त्याला सांगतात की तार जळत नाही, ती तापते. मूल ते वहीत लिहून घेते. मनातील समजूत मात्र बहुधा तशीच राहते.

ही समजूत मुलाच्या अज्ञानातून आलेली नाही. ती भाषेतून आली आहे आणि भाषेत ती इतिहासातून आली आहे. त्यामुळे ती सोडवण्यासाठीही इतिहासाची मदत घ्यावी लागेल, या विचारातून प्रस्तुत विषयाची निवड केली आहे.

संशोधनाची उद्दिष्टे :

१. सातारा-सांगली परिसरातील प्रकाशसाधनांच्या बदलत्या क्रमाचा आढावा घेणे.
२. या क्रमाचा उपयोग करून विद्युत कुंतलाचे कार्य मुलांना कसे समजावता येईल, याचा विचार करणे.
३. कुंतलाच्या दिव्याच्या अस्ताबरोबर निर्माण झालेल्या शैक्षणिक व ऐतिहासिक प्रश्नांची नोंद घेणे.

अभ्यासाची व्याप्ती व पद्धती :

सातारा व सांगली हे आजचे दोन जिल्हे या अभ्यासात एक परिसर म्हणून घेतले आहेत. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे झाले. त्यामुळे येथे ज्या कालखंडाचा विचार केला आहे त्यातील बराचसा काळ कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील या गावांचा सामाजिक इतिहास एकत्रच घडला आहे. अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विज्ञानाची माहिती इतिहासाच्या विवेचनास आवश्यक तेवढीच घेतली आहे.

विषय विवेचन :

१. समई : वात, ज्योत आणि काजळी

समईत नेमके काय जळते, हा प्रश्न वर्गात विचारल्यास 'वात' असे उत्तर हमखास येते. वस्तुतः मुख्यतः जळते ते तेल. वातीच्या धाग्यांतून तेल वर चढते, तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने जळते. वातीचे टोक काळे पडते, हळूहळू झिजते. पण तेल संपले की वात असूनही दिवा मालवतो.

पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ज्योत पिवळी का दिसते? ज्योतीच्या आत कार्बनचे, म्हणजेच काजळीचे, अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते अतिशय तापल्यामुळे पिवळ्या प्रकाशाने उजळतात. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर जी व्याख्याने दिली, त्यांत ही गोष्ट प्रयोगांसह दाखवली होती. आपल्याकडे त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा नको. दिव्याच्या ज्योतीवर भांडे धरून काजळ जमवण्याची रीत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बोटाला लागणारे ते काजळ क्षणापूर्वी ज्योतीत उजळत होते, हे मुलाला सांगितले की 'तापलेला पदार्थ प्रकाश देतो' हे सूत्र त्याच्या हाती येते.

येथे आणखी एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. १८७९ मध्ये थॉमस एडिसन याच्या प्रयोगशाळेत जो तंतू काही तास यशस्वीपणे उजळला, तो जाळून कार्बनरूप केलेला सुती दोरा होता. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान हाही कार्बनच्याच तंतूवर प्रयोग करीत होता. म्हणजे समईची वात कापसाची आणि एडिसनचा तंतूही मुळात कापसाचाच. समईतील काजळी कार्बनची आणि विजेच्या पहिल्या दिव्यांतील तंतूही कार्बनचेच. फरक एवढाच की समईत हे कण तेलाच्या जळण्याने तापतात आणि बल्बमध्ये तंतू विजेने तापतो.

२. कंदील : काचेचा कारखाना आणि शिक्षणाची चळवळ

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कराडजवळ ओगलेवाडी येथे ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. या कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील पुढे महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. त्याआधी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसली होती. तेथे लोखंडी नांगर तयार होत होते. एकाच परिसरात, थोड्याच वर्षांच्या अंतराने, काच आणि लोखंड या दोन्हींच्या भट्ट्या पेटल्या.

या दोन उद्योगांचा शिक्षणाच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ओगले, किर्लोस्कर आणि कूपर या तिन्ही कारखान्यांसाठी काम केले होते. विक्रीच्या निमित्ताने झालेल्या भ्रमंतीत त्यांनी खेड्यांची स्थिती जवळून पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये संस्थेचे कार्य सातारा येथे आले. त्या काळी या भागातील खेड्यांत रात्रीचा अभ्यास म्हणजे कंदिलाच्या किंवा चिमणीच्या उजेडातील अभ्यास होता. साताऱ्यात १९३५ मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या अध्यापक महाविद्यालयातून जे शिक्षक गावोगाव गेले, त्यांच्यापुढे बसलेल्या बहुसंख्य मुलांच्या घरी वीज नव्हती. अशा शाळांत विजेच्या दिव्याचा पाठ शिकवणे म्हणजे न पाहिलेल्या वस्तूचे वर्णन करणे होते. विजेच्या दिव्याचे स्पष्टीकरण या परिसरातील अनेक गावांत दिव्याच्या आधी पोहोचले, ही गोष्ट आपल्या शिक्षणाच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

कंदील हा केवळ गरिबीचे चिन्ह म्हणून पाहण्याची वस्तू नाही. शिक्षकासाठी तो उत्तम शैक्षणिक साधन आहे. कंदिलाची काच वारा अडवते, परंतु खालच्या छिद्रांतून हवा आत येऊ देते. ती छिद्रे बंद झाली तर ज्योत गुदमरते. बल्बच्या काचेचे काम याच्या अगदी उलट आहे. ती बाहेरची हवा आत येऊच देत नाही. कंदिलात हवा नसेल तर दिवा विझतो. बल्बमध्ये हवा शिरली तर दिवा संपतो. ही तुलना नीट मांडली की 'जळणे' आणि 'तापून उजळणे' यांतील भेद व्याख्येवाचून स्पष्ट होतो.

३. गॅसबत्ती, लोहाराचा भाता आणि गलाईची मूस

कंदील आणि बल्ब यांच्यामध्ये एक दुवा आहे, त्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे. तो म्हणजे गॅसबत्ती. जत्रा, तमाशाचा फड, लग्नाची वरात आणि रात्रीच्या सभा यांना कितीतरी वर्षे गॅसबत्तीनेच उजेड दिला. गॅसबत्तीत दाबाखालील रॉकेलची वाफ जळते, पण डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश त्या ज्वालेचा नसतो. तो ज्वालेभोवतीच्या जाळीचा असतो. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १८८५ च्या सुमारास अशी जाळी तयार केली. नवी जाळी बसवून पेटवली की तिचे सूत जळून जाते आणि धातूंच्या ऑक्साइडांचा नाजूक सांगाडा उरतो. पुढे तो सांगाडा जळत नाही. केवळ तापतो आणि उजळतो. ज्याने कोणी नवी 'मेंटल' बसवताना पाहिली आहे, त्याने जळणे आणि उजळणे या दोन घटना एकापाठोपाठ पाहिल्या आहेत.

धातू तापला की रंग बदलतो, हेही या परिसराला नवे नाही. लोहाराच्या भात्यापुढे लोखंड आधी मंद लाल होते, मग नारिंगी, पिवळे आणि अखेर पांढुरके दिसू लागते. घन पदार्थ सुमारे ५२५ अंश सेल्सिअस तापमानाला अंधारात मंद लाल दिसू लागतात, असे जॉन ड्रेपर याने १८४७ मध्ये दाखवले. आपला लोहार मात्र तापमापकावाचून केवळ रंगावरून घाव घालण्याची वेळ ओळखत आला आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतील सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारी कुटुंबे देशभर पसरली आहेत. त्यांच्या कामातही भट्टीचा आणि मुशीतील धातूचा रंग ओळखणारी नजर लागते. विट्याजवळच्या एखाद्या शाळेतील मुलाला 'तुझ्या काकांच्या भट्टीत मूस कशी दिसते?' असे विचारले तर कुंतलाच्या पाठाचा अर्धा भाग ते मूल स्वतःच सांगेल.

४. विजेरीपासून कोयनेपर्यंत

खेड्यांत विजेचे खांब येण्यापूर्वी विजेचा दिवा आलेला होता, पण तो हातात धरण्याचा. रात्री पिकाला पाणी पाजण्यासाठी किंवा राखणीसाठी जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातातील विजेरी, जिला बोलीत 'बॅटरी' म्हणतात, आणि सायकलच्या डायनामोवरील दिवा यांतून अनेकांना कुंतलाचे पहिले दर्शन घडले. सेल उतरत आले की विजेरीचा उजेड आधी पिवळा व मग तांबूस होतो. लोहाराचे लोखंड निवताना ज्या क्रमाने रंग बदलते, तोच हा क्रम आहे.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि १९६२ मध्ये कोयना प्रकल्पातून वीजनिर्मिती सुरू झाली. धरण सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात. पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यातून पश्चिमेकडे नेलेले आणि भूमिगत वीजगृह पोफळी येथे. चार टप्पे पूर्ण झाल्यानंतर प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर परिसराची मोठी हानी केली, तरीही प्रकल्प पुढे चालू राहिला.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोयनेची वीज प्रथम मुंबई व परिसरातील उद्योगांकडे गेली. ज्यांची घरे व जमिनी शिवसागर जलाशयाखाली गेल्या, त्यांच्यापैकी अनेकांना पुनर्वसनासाठी आणि मूलभूत सुविधांसाठी दीर्घकाळ झगडावे लागले. मुलांना 'पडणारे पाणी, जनित्र, तारा आणि दिवा' ही ऊर्जेची साखळी शिकवताना त्या साखळीच्या आरंभी कोणाचे तरी गाव होते, हेही सांगणे आवश्यक आहे. विज्ञानाचा पाठ त्यामुळे कमी होत नाही. तो पूर्ण होतो.

१९६० व १९७० च्या दशकांत ग्रामीण विद्युतीकरणाने वेग घेतला आणि घराघरांत बल्ब लागला. जुने संस्कार मात्र टिकून राहिले. प्रस्तुत लेखकाच्या बालपणी, १९९० च्या दशकात, तिन्हीसांजेला बटण दाबून बल्ब लागला की आजी त्यालाही देवघरातील दिव्यासारखाच हात जोडत असे. नंतर शेतातील पंप सुरू झाले, विजेचा दाब उतरला की तोच बल्ब तांबूस होई आणि काचेच्या आतील तार वेगळी, उघड दिसू लागे. पूर्ण उजेडात ज्या तारेकडे पाहवत नसे, ती कमी दाबात स्पष्ट दिसत असे. त्या वेळी ती गैरसोय वाटे. आज अध्यापक म्हणून विचार करताना तो कुंतलाचा सर्वांत चांगला प्रयोग होता असे वाटते. तो उलगडून सांगणारे त्या वेळी कोणी जवळ नव्हते, इतकेच.

५. मुलांना कुंतल समजावण्याचा क्रम

वरील विवेचनाच्या आधारे वर्गात पुढील क्रम ठेवता येईल.

प्रथम, वीज तारेतून वाहते तेव्हा तार का तापते हे सांगावे. आठवडी बाजाराच्या रुंद रस्त्यावरून माणसे सहज जातात. तीच माणसे अरुंद बोळात शिरली की धक्काबुक्की होते. धातूच्या तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन तारेतील अणूंवर असेच आदळतात आणि त्या आदळण्याने तार तापते. जाड तांब्याच्या तारेत हा अडथळा फार कमी, तर लांब व अतिबारीक कुंतलात फार जास्त असतो. म्हणून भिंतीवरील तार जवळजवळ थंड राहते आणि तीच वीज वाहत असूनही कुंतल प्रखर तापतो. जेम्स ज्यूल याने १८४० च्या दशकाच्या आरंभी या उष्णतेचा नियम मांडला. विद्युतधारेचा वर्ग, तारेचा रोध आणि काळ यांच्या गुणाकारावर ती उष्णता अवलंबून असते.

दुसरे, ही उपमा कोठे थांबते तेही लगेच सांगावे. बोळात शिरलेली सर्व माणसे पलीकडे बाहेर पडतात. वाटेत नाहीशी होत नाहीत. त्याचप्रमाणे बल्बमध्ये जेवढी विद्युतधारा शिरते तेवढीच बाहेर पडते. बल्ब वीजधारा 'खाऊन टाकतो' असे अनेक मुलांना वाटते. ही समजूत केवळ आपल्याकडची नाही. १९८० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑसबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातही ती आढळली होती. खर्च होते ती ऊर्जा, धारा नव्हे.

तिसरे, कुंतलासाठी टंगस्टनच का, हा प्रश्न मुलांसमोर ठेवावा. लोखंड १,५३८ अंशांना वितळते आणि प्लॅटिनम १,७६८ अंशांना. पांढुरका प्रकाश मिळण्यासाठी कुंतल सुमारे २,५०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. टंगस्टन ३,४२२ अंशांपर्यंत घनरूप राहतो. १९०४ च्या सुमारास टंगस्टनच्या कुंतलाचा शोध लागला, विल्यम कूलिज याने त्याची लवचिक तार काढण्याची रीत शोधली आणि १९१३ मध्ये अर्व्हिंग लँगम्युर याने बल्बमध्ये निष्क्रिय वायू भरून कुंतलाची झीज कमी केली.

चौथे, हवेचा प्रश्न. लोखंडाच्या अतिशय बारीक तंतूंची लोकर बाजारात मिळते. शिक्षकांनी स्वतः, मुलांना दूर उभे करून, तिला विजेरीच्या सेलची दोन टोके जोडून दाखवावीत. तंतू लाल होतात आणि हवेत असल्यामुळे ठिणग्या उडवत जळून जातात. मग विचारावे, 'बल्बमधील तार अशी का जळत नाही?' कंदिलाच्या काचेची तुलना येथे कामी येते. घरातील वीजजोडणीवर असा कोणताही प्रयोग करू नये, हे प्रत्येक वेळी निक्षून सांगावे.

पाचवे, प्रकाश आणि उष्णता यांचा हिशेब. ६० वॅटच्या बल्बला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी दिसणाऱ्या प्रकाशात रूपांतरित होते ती जेमतेम पाच टक्के किंवा त्याहूनही कमी. उरलेली उष्णता होते. म्हणजे आपण ज्याला दिवा म्हणत होतो ती खरे पाहता एक शेगडी होती आणि थोडासा उजेडही देत होती. या परिसरातील कुक्कुटपालकांना हे पुस्तकावाचून ठाऊक आहे. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलांना ऊब देण्यासाठी त्यांच्यावर बल्ब लावले जातात. पिले बल्बखाली दाटीने गोळा झाली तर ऊब कमी पडते आहे आणि दूर पळाली तर ती जास्त होते आहे, हे पाहून बल्बची उंची बदलली जाते. जी उष्णता घरात वाया जात होती, तीच येथे मुख्य काम करते. विजेची शेगडी, इस्त्री आणि पाणी तापवण्याचे गिझर यांतील तारही याच नियमाने तापते. ती २,५०० अंशांपर्यंत जात नाही, म्हणून शेगडीची तार लालसर दिसते, पांढरी होत नाही.

अखेरीस एक नित्याचा अनुभव घ्यावा. बल्ब बहुधा बटण दाबताक्षणीच का उडतो? २३० व्होल्टवर चालणाऱ्या ६० वॅटच्या तापलेल्या कुंतलाचा रोध सुमारे ८८० ओहम असतो, पण थंड असताना तो याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. त्यामुळे पहिल्या क्षणी कितीतरी जास्त धारा वाहते आणि वर्षानुवर्षे झिजून जेथे तार सर्वांत बारीक झाली असेल तेथे ती तुटते.

६. शब्दांचा प्रश्न

शालेय व वैज्ञानिक मराठीत या वस्तूसाठी कुंतल, तंतू, कुंडल आणि फिलामेंट असे निरनिराळे शब्द आढळतात. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विज्ञानाची परिभाषा घडवण्याचे मोठे कार्य अशा रीतीने याच परिसरात झाले. पाठ्यपुस्तकांची परिभाषा स्वतंत्रपणे घडत गेली. विश्वकोशात 'विद्युत् प्रवाह' वाचणारा विद्यार्थी पाठ्यपुस्तकात 'विद्युतधारा' वाचतो आणि घरी 'करंट' ऐकतो.

यांतील कोणता शब्द शुद्ध, हा वाद घालण्यापेक्षा शब्दांचा अर्थ उलगडून सांगणे अधिक उपयुक्त ठरेल. इतिहासाच्या अभ्यासकाला 'कुंतल' म्हटले की प्राचीन कुंतलदेश आठवतो. मुलांना त्यातून काहीच बोध होत नाही. परंतु संस्कृतात कुंतल म्हणजे केस, केसांची बट, हे सांगितले तर चित्र उभे राहते. बल्बमधील तार केसाहूनही बारीक असते आणि बटेसारखीच वेटोळी घातलेली असते. सरळ केली तर ती अर्ध्या मीटरहून अधिक लांब भरते. परकीय वाटणारा पारिभाषिक शब्द अशा वेळी स्वतःच पाठ शिकवू लागतो.

७. कुंतलाचा अस्त आणि तुटणारी साखळी

५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून देशभरात ३६ कोटींहून अधिक एल.ई.डी. बल्ब वितरित झाले. ६० वॅटच्या जुन्या बल्बएवढा उजेड सुमारे ९ वॅटमध्ये मिळू लागला. ऊर्जाबचतीच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्हच आहे.

मात्र एल.ई.डी. दिवा तापल्यामुळे प्रकाश देत नाही. त्यातील अर्धवाहकात इलेक्ट्रॉन अधिक ऊर्जेच्या स्थितीतून कमी ऊर्जेच्या स्थितीत येतात आणि तो फरक प्रकाशरूपाने बाहेर पडतो. दिवा थोडा कोमट लागतो, पण ती उष्णता प्रकाशाचे कारण नसते. काजळीपासून कुंतलापर्यंत 'तापलेला पदार्थ उजळतो' हे जे एकच सूत्र चालत आले होते, ते येथे सुटते. वर्गातील छतावर एल.ई.डी. दिवा लागलेला असताना शिक्षक 'दिव्यातील तार तापते व प्रकाश देते' असे सांगत असतील, तर मूल ते वाक्य डोक्यावरच्या दिव्याला लावणार, हे उघड आहे. त्यातच कुंतलासारख्या पिवळ्या रेषा दिसणारे शोभेचे एल.ई.डी. बल्ब 'फिलामेंट' या नावाने विकले जातात, त्यामुळे गोंधळ वाढतो.

शंभर वर्षांपूर्वी काले किंवा पाटणच्या मुलाने विजेचा दिवा न पाहताच त्याविषयी ऐकले होते. आजचे मूलही कुंतलाचा दिवा न पाहताच त्याविषयी वाचते. पहिल्याच्या बाबतीत वस्तू यायची होती, दुसऱ्याच्या बाबतीत ती निघून गेली आहे. दोघांच्या मधील दोन-तीन पिढ्यांनाच स्पष्टीकरण आणि वस्तू एकत्र मिळाली.

निष्कर्ष :

१. विजेच्या दिव्यातील तार 'जळते' ही मुलांची समजूत तेलाच्या दिव्याच्या भाषेतून आलेली आहे. ती चूक म्हणून खोडण्यापेक्षा तिचा उगम दाखवणे अधिक परिणामकारक ठरते.

२. समई, कंदील, गॅसबत्ती, विजेरी व बल्ब हा सातारा-सांगली परिसरातील ऐतिहासिक क्रम कुंतलाचे कार्य समजावण्यासाठी सोपा व पायरीपायरीचा अध्यापनक्रमही आहे. त्यात गॅसबत्तीचा दुवा विशेष महत्त्वाचा आहे.

३. लोहारकाम, गलाई व कुक्कुटपालन या स्थानिक व्यवसायांत उष्णता व प्रकाश यांचे अनुभवजन्य ज्ञान आहे. ते वर्गात आणल्यास मुलांच्या कुटुंबांच्या श्रमालाही प्रतिष्ठा मिळेल.

४. कोयनेच्या विजेचा पाठ विस्थापितांच्या इतिहासाशिवाय अपुरा राहतो.

५. एल.ई.डी. दिव्याचे कार्य वेगळे आहे हे शिक्षकांनी स्पष्टपणे सांगणे आवश्यक झाले आहे.

समारोप :

इतिहास-विभागात आपण ताम्रपट, नाणी व मोडी कागदपत्रे जपतो आणि ते योग्यच आहे. परंतु प्रभाकर कंदील, गॅसबत्तीची जाळी, तार तुटलेला बल्ब किंवा सायकलचा डायनामो यांना आपण अद्याप साधने मानलेले नाही. या वस्तू आज माळ्यावर, भंगारात किंवा शाळांच्या बंद कपाटांत आहेत. त्या गोळा करण्यास मोठा निधी लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांकडून घरातील एकेक जुना दिवा आणि त्याविषयी घरातील वृद्धांची आठवण नोंदवून घेतली, तर एका वर्षात जिल्ह्याच्या प्रकाशाचा इतिहास उभा राहू शकेल. भौतिकशास्त्र विभागाने त्या दिव्यांचे कार्य सांगावे, इतिहास विभागाने त्यांचा काळ सांगावा आणि शेजारच्या प्राथमिक शाळेतील मुलांना ते हाताळू द्यावेत.

विजेच्या दिव्याला हात जोडणारी पिढी आता उतारवयात आहे. समईच्या आणि बल्बच्या उजेडातील फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली ही शेवटची माणसे आहेत. त्यांना विचारण्याची वेळ अजून गेलेली नाही.